वहिनीची सतरा मिनिटं

४ मार्च

प्रिय फूटपट्टी,

घरी आले. एकोणीस दिवस हॉस्पिटलात, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, आणि सात किलो वजन तिथेच ठेवून आले. तुझ्या दादाने जिन्यावर माझा दंड असा धरला होता, की शेजाऱ्यांना वाटलं असेल, यांच्याकडे काचेचं झुंबर आलंय.

तुझे फोन मी उचलत नाही याचा तुला राग आलाय म्हणे. बाई गं, दोन वाक्यं बोलले की खोकल्याची अशी उबळ येते, की तिसरं समोरच्यालाच पुरं करावं लागतं. आणि माझी वाक्यं तू पुरी केलेली मला चालणार नाहीत. म्हणून हे पत्र. तसंही फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो. कागदावर निदान पाळीपाळीने भांडता येईल.

डॉक्टर म्हणाले, "तीन महिने सगळं हळूहळू." तुझ्या दादाने ते चष्म्याच्या प्रिस्क्रिप्शनसारखं लिहून घेतलंय. आता मी अंथरुणातून उठले तरी तो चष्म्याच्या दुकानातून फोन करून विचारतो, "हळूहळू उठलीस ना?"

कवळ्यांच्या लॅबमधून महिनाभर सुट्टी. माझ्या टेबलावर नवीन पोरगी बसवलीय. तिने एका ऐंशी वर्षांच्या आजोबांना इतक्या पांढऱ्याशुभ्र दातांची कवळी करून दिली, की आजोबा हसले की आजीच दचकतात. तिथे माझी गरज आहे, हे सगळ्यांना कळलंय. फक्त तुझ्या दादाला कळत नाही.

पण खरी गरज आहे तळघरातल्या सायकलिंगच्या वर्गात. पहिल्या रांगेतली डावीकडची सायकल गेली सहा वर्षं माझी आहे. तिच्यावर आता कोण बसत असेल, या विचाराने मला सलाइनवरसुद्धा झोप येत नव्हती. पंधरा दिवसांत परत जाणार. तुझ्या दादाला सांगू नकोस.

तुझी
वहिनी (उरलेली)


११ मार्च

वहिनी,

तू जिवंत आहेस हे अक्षरावरून कळलं. अजूनही 'ळ' ला शेपूट काढतेस.

मला एक समजावून सांग. मी पालिकेच्या पाणीखात्यात पाइपलाइनचे नकाशे काढते, त्यामुळे एखादी गोष्ट इथून निघाली तर ती कुठेतरी पोचली पाहिजे, एवढीच माझी अक्कल. तुम्ही वीस माणसं तळघरात जाता, दिवे घालवता, जागच्या जागी घाम गाळता, आणि पाऊण तासाने जिथे होता तिथेच उतरता. आणि वर पैसे देता! आमच्या खात्यात याला गळती म्हणतात.

आणि तो तुमचा मास्तर, ज्याला तुम्ही भोंगा म्हणता, तो अजून माइकवर "चढ आला! चढ आला!" ओरडतो का? तळघरात चढ कुठून येतो?

जायचंच असेल तर जा. मी सांगितल्यावर तू ऐकलंस असं आजवर झालेलं नाही. पण आकडा कळव. किती मिनिटं, नाडीचे ठोके किती. 'छान झालं', 'बरं वाटलं' असलं काही लिहू नकोस. छान किती फुटांचं असतं मला माहीत नाही.

दादाला सांगणार नाही. त्याने विचारलं नाही तर.

तुझी नणंद


१९ मार्च

प्रिय फूटपट्टी,

आकडा हवा होता ना? घे. सतरा मिनिटं.

काल तुझा दादा दुकानाच्या काचा पुसायला लवकर गेला आणि मी बूट पिशवीत घालून तळघर गाठलं. माझी सायकल रिकामी होती. सीटची उंची कुणीतरी दोन खाचा वर केली होती. ज्याने केली त्याचे पाय बगळ्याचे असणार. भोंग्याने मला पाहून माइकवरून जाहीर केलं, "आपल्या चॅम्पियन परत आल्यात!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग काय, नॉब फिरवला, चाक जड केलं आणि सतरा मिनिटं झाल्यावर, आणखी करता येत असूनही, डॉक्टरांचा मान राखून उतरले.

ठोके मोजले नाहीत. माझं हृदय तुझ्या खात्याचं मीटर नाही.

तुझी
चॅम्पियन वहिनी


२ मे

वहिनी,

उशीर झाला. ऑफिसात जुन्या नकाशांची फेरतपासणी निघाली होती, मान वर करायला फुरसत नव्हती.

तुझं सायकलिंग कसं चाललंय? थोडं नीट लिही. त्या सतरा मिनिटांत, अगदी सुरुवातीला पाय थरथरले का? धाप लागली की ती सायकलची धाप आहे की आजाराची, हे कसं ओळखलंस? ठोके वाढले की भीती वाटली का? वाटली तर काय केलंस? थांबलीस की चालूच ठेवलंस?

सतरा मिनिटं पहिल्याच दिवशी जमली म्हणजे नंतर किती होतात? रोज एक मिनिट वाढतं, की दोन?

सवडीने लिही. पण लिही.

तुझी नणंद


९ मे

प्रिय फूटपट्टी,

आता कळलं. दीड महिना गप्प, आणि मग एकदम वकिलासारखी उलटतपासणी! भीती वाटली का, पाय थरथरले का! तू आणि भीतीबद्दल विचारणार? मी लग्न करून आले तेव्हापासून तुला ओळखते. हे प्रश्न तुझे नाहीत, तुझ्या दादाचे आहेत. तो विचारतोय, तू लिहितेस. हेरगिरी करायची तर निदान तिकिटाचे पैसे त्याच्याकडून घे.

त्याचं काय बिनसलंय, ते तूच सांग. मार्चअखेर अचानक म्हणाला, चष्म्याच्या फ्रेम्सचं प्रदर्शन आहे, पाच दिवस जायला हवं. बायको हॉस्पिटलातून येऊन महिना झालेला नाही आणि हा फ्रेम्स बघायला! मला शेजारीणबाईंच्या सूपवर सोडून गेला. त्या सुपात मीठ कधीच नसायचं. सहानुभूती मात्र भरपूर. परत आला तो एकही फ्रेम न आणता, आणि डोकं पार फिरवून. दुसऱ्या दिवशी सकाळी पाना घेऊन गॅलरीतल्या माझ्या घरच्या सायकलची दोन्ही पेडलं काढली आणि दुकानात नेऊन गल्ल्याखाली कुलपात ठेवली. म्हटलं, "अरे, हे काय?" तर म्हणे, "तू सध्या नुसती बस."

पेडल नसलेल्या सायकलवर नुसती बस! त्यातून डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे याला ठाऊक नाही. उलट्या बाजूने जोर लावून त्याची वाट लावलीन ती वेगळीच.

असो. तुझ्या दादाला कळव, की वर्गात माझी आता अठ्ठावीस मिनिटं होतात. भीती वगैरे काही नाही. ज्याला भीती वाटते त्याने सायकलवर बसूच नये, घरी लोकर विणावी.

तुझी
वहिनी


१७ मे

वहिनी,

मी दादाची हेर नाही. प्रश्न माझेच होते.

अठ्ठावीस. बरं. अभिनंदन.

तरी एक सांग. पहिल्या मिनिटाला काय होतं? आमच्या फिजिओ बाई म्हणतात, पहिलं मिनिटच अवघड, पुढे शरीर आपोआप चालतं. तुला पहिल्या मिनिटाला काय वाटलं होतं, एवढंच हवंय. बाकीचं नको.

लोकर मला विणता येत नाही.

तुझी नणंद


२१ मे

'आमच्या' फिजिओ बाई?

पालिकेच्या पाणीखात्याला फिजिओ कधीपासून मिळाल्या? पाइपांना व्यायाम देतात का?

तुझं पत्र दुपारी आलं. तीनदा वाचलं. मग चपला घातल्या आणि दुकानात गेले. तुझा दादा एका गिऱ्हाइकाला "आता वरची ओळ वाचा" म्हणत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले, मग पत्र काउंटरवर ठेवून त्या शब्दावर बोट ठेवलं.

"आता ही ओळ तू वाच," म्हटलं.

त्याने चष्मा काढला. पुसला. घातला. परत काढला. तीस वर्षं मी या माणसाला ओळखते. काच इतका वेळ पुसतो तेव्हा नक्की काहीतरी फुटलेलं असतं.

"प्रदर्शन नव्हतं," तो म्हणाला.

"ते मला फ्रेम न आणल्यावर कळायला हवं होतं."

"ती ऑफिसच्या जिन्यात पडली. हार्ट अॅटॅक. एक नळी पूर्ण बंद, आत स्प्रिंग बसवलीय. तुला सांगू नकोस म्हणाली. तू नुकतीच उठलेलीस."

मी तिथल्या स्टुलावर बसले. तो पुढे म्हणाला, "दोन महिन्यांत दोघी. एकीचा हात सोडला की दुसरी पडते. म्हणून पेडलं काढली. दुसरं काय काढणार होतो?"

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. ओरडलेही. खोकला आला नाही, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

आता तुझी पाळी. मोठं पत्र हवं. आकडे नकोत.

वहिनी


२६ मे

वहिनी,

सांगते. रागावलीस तरी पुरतं वाच.

सव्वीस मार्च, सकाळचे साडेदहा. हातात नकाशांची गुंडाळी होती आणि लिफ्टला रांग होती, म्हणून जिन्याने निघाले. दुसऱ्या मजल्यापाशी छातीवर कुणीतरी कपाट ठेवल्यासारखं झालं. नकाशे खाली गडगडले. मला आठवतंय, मी शिपायाला म्हणाले, "आधी नकाशे उचला, ते भिजतील." जिना कोरडा होता.

दादा पाच दिवस उशाशी बसून होता. मला चमच्याने पाणी पाजायचा आणि तुझ्या काळजीने दर तासाला शेजारीणबाईंना फोन करायचा. तू तळघरात जातेस का, हे त्याने विचारलं, म्हणून सांगून टाकलं. तुला सांगायचं नाही असं मीच त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मला वाटलं, तू खोकत खोकत गाडीत बसशील आणि इथे येऊन डॉक्टरांनाच शिकवशील.

आता खरी गोष्ट. एप्रिलअखेरपासून मला आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलच्या व्यायामाच्या खोलीत जायचं असतं. तिथे सहा सायकली आहेत. हो, कुठेही न जाणाऱ्या. हस, हस. फिजिओ बाई छातीला तारा चिकटवतात, समोरच्या पडद्यावर माझी रेघ पळते, आणि बाई म्हणतात, "चला, पाय हलवा." मी सहा वेळा गेले आहे. सहाही वेळा सायकलवर बसून, पाय न हलवता परत आले आहे. रेघ जरा वर सरकली की ते कपाट छातीवर आल्यासारखं वाटतं. बाई म्हणतात, काही झालेलं नाही. मला पटतं. पाय हलत नाहीत.

माझ्या शेजारी एक निवृत्त न्यायाधीश असतात. ते रोज वीस मिनिटं करतात आणि मला "प्रयत्न करा, प्रयत्न करा" म्हणतात. त्यांना तुरुंगात पाठवावंसं वाटतं.

तुझं सतरा मिनिटांचं पत्र मी उशीखाली ठेवलं होतं. म्हटलं, वहिनी दोन्ही फुप्फुसं गमावल्यासारखी होती, तरी पहिल्याच दिवशी सतरा. मला एक का होत नाही? मग तुझं अठ्ठावीसवालं आलं. त्या दिवशी मी व्यायामाला गेलेच नाही.

हेरगिरी नव्हती. रस्ता विचारत होते.

तुझी नणंद


३० मे

फूटपट्टी,

बसलीयेस ना? नसलीस तर बस.

सतरा मिनिटं खोटी आहेत.

टाळ्याही खोट्या. भोंगा "चॅम्पियन" म्हणाला एवढं खरं, आणि तेच नडलं. त्या दिवशी मी सायकलवर चार मिनिटं होते. दुसऱ्या मिनिटाला श्वास अर्ध्यात अडकला आणि मला वाटलं, झालं, परत ती ऑक्सिजनची नळी. फोन आल्याचं खोटंच खुणेने सांगून मी उतरले आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन टॉवेल तोंडात धरून रडले. टॉवेल अशासाठी, की कुणाला ऐकू जाऊ नये. चॅम्पियनचं रडणं कसं दिसेल!

त्यानंतर मी वर्गात पाऊल टाकलेलं नाही. अठ्ठावीस मिनिटं हा आकडा लिहिताना मी अंथरुणात होते, पाय उशीवर. तुझा दादा मी वर्गाला जाते असं समजून पेडलं काढत होता, तू मी वर्गाला जाते असं समजून झुरत होतीस, आणि मी वर्गाच्या वेळात लॅबच्या मागच्या बाकावर बसून बिस्किटं खाऊन घरी येत होते. आपल्या घरात तीनच माणसं, आणि तिघं एकमेकांना जपण्यासाठी इतकं खोटं बोलली, की शत्रूंनासुद्धा एवढं सुचलं नसतं.

तू रस्ता विचारलास आणि मी तुला थाप सांगितली. तुझ्या खात्यात असा नकाशा कुणी काढला असता तर तू त्याला घरी पाठवलं असतंस. मला माफ कर असं मी कधी लिहिलेलं नाही, त्यामुळे कसं लिहायचं ते नीट येत नाही. हे तसं समज.

पहिल्या मिनिटाला काय वाटलं, विचारलंस. मरते असं वाटलं. भीती वाटली. पाय थरथरले. आणि लोकर मलाही विणता येत नाही.

मंगळवारच्या गाडीने येतेय. तुझा दादा म्हणाला, "डॉक्टरांना विचारू या." म्हटलं, "विचार, तोवर मी बॅग भरते." डॉक्टर हो म्हणाले. सोबत तोही येतोय. दोघी एकाच शहरात पडलो तर त्याचं गाडीभाडं वाचेल म्हणतो. विनोद करायला लागला, म्हणजे सुधारतोय.

वहिनी


३ जुलै

प्रिय फूटपट्टी,

तुझ्याकडचे तीन आठवडे बरे गेले, फक्त तुझं स्वयंपाकघर कुणी लावलंय ते सांग. डब्यांवर लेबलं, लेबलांवर तारखा! चहाची पूड शोधताना वाटलं, अर्ज करावा लागेल.

त्या व्यायामाच्या खोलीत तू माझ्या शेजारी बसून पहिल्यांदा पाय हलवलेस तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं नाही, हे तुला लागलं असेल. मुद्दाम नाही बघितलं. बघितलं असतं तर तू थांबली असतीस. तू अडीच मिनिटं केलीस आणि मी तीन, आणि न्यायाधीश आपल्याला "वा!" म्हणाले तेव्हा तू त्यांना "शांतता राखा" म्हणालीस. तुझा दादा दाराच्या काचेबाहेर उभा होता. तो काच पुसत होता. हॉस्पिटलची काच, स्वतःच्या रुमालाने.

परवा मी तळघरात गेले. तुझ्या दादाला सांगून. पहिल्या रांगेत गेले नाही. शेवटच्या रांगेत, पंख्याखालची सायकल घेतली. डावीकडच्या माझ्या सायकलवर एक बगळ्याच्या पायांचा गृहस्थ होता. असू दे. नऊ मिनिटांनी दम संपला. पाऊण तासाचा वर्ग, गाणं जोरात, भोंग्याचा चढ चालू, आणि मी नॉब सैल केला, उतरले, सीट पुसली आणि सगळ्यांमधून चालत दाराकडे निघाले.

कुणी मान वळवली नाही. एकानेही नाही. सहा वर्षं मी पोट आत घेऊन सायकल चालवत होते, सगळे माझ्याकडे बघतायत म्हणून. त्यांना त्यांच्याच गुडघ्यांची पडलेली! फुकट गेलं की गं सगळं.

दारापाशी भोंग्याने माइक खाली केला आणि हळूच विचारलं, "सोमवारी?"

"सोमवारी," म्हटलं.

तुझं लिही. मी नसताना गेलीस का? गेली नसलीस तर तसं लिही.

वहिनी


१४ जुलै

वहिनी,

गेले. तू गेल्यावर आधी चारदा गेलेच नाही. काल गेले.

न्यायाधीश नव्हते, त्यांचा कोर्स संपला. खोलीत मी, पाच रिकाम्या सायकली आणि फिजिओ बाई. बाईंची जेवणाची वेळ झाली होती, पण माझ्यासाठी थांबल्या होत्या. तारा चिकटवल्या, पडद्यापाशी टेबलावर बसल्या आणि डब्यातून एक केळं काढलं.

मी पाय हलवले. पहिलं मिनिट तुझ्या वर्णनाबरहुकूम गेलं: मरते असं वाटलं. तिसऱ्या मिनिटाला रेघ चढायला लागली. चौऱ्याण्णव, अठ्ठ्याण्णव, एकशे चार. कपाट आलं, तिथेच, त्याच जागी. मी थांबणार होते, शप्पथ. बाईंना हाक मारायला तोंड उघडलं.

बाईंनी पडद्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि केळ्याचा आणखी एक घास घेतला.

मी विचार केला, या बाई अठरा वर्षं हेच काम करतायत. यांनी अशा रेघा हजारो बघितल्यात. मला खरंच काही होत असतं, तर यांनी ते केळं खाली ठेवलं असतं. ते हातात आहे तोवर मी ठीक आहे. मग मी पडदा बघायचा सोडला आणि नुसतं केळ्याकडे बघत राहिले.

वहिनी, त्या फार सावकाश खातात.

चौदा मिनिटं झाली.

तुझी नणंद